सात की आठ?

‘सातला तयार राहा,’ असे सूनबाई सांगतात. आजोबा आठला तयार होतात आणि घरात रुसवा येतो. वाचकहो, अशा वेळी दोष बहुधा हट्टाचा नसून कानाचा असतो. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ ही व्यंजने निसटतात, स्वर तेवढे पोहोचतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. त्यात कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे भोंगे! निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. गजबजलेल्या रस्त्यावर ती सहज ओलांडली जाते.

ओरडू नका, त्याने शब्द स्पष्ट होत नाही, राग मात्र जाणवतो. समोर येऊन, टीव्ही बंद करून, सावकाश बोला. न कळल्यास वेगळ्या शब्दांत सांगा. ज्येष्ठांनीही नुसती मान न डोलावता ऐकलेले उच्चारून दाखवावे. गोळीची वेळ चुकणार नाही. कानातला मळ आणि श्रवणशक्ती तपासून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

‘हे ऐकतच नाहीत’ म्हणण्यापूर्वी, ऐकू आले का, एवढे विचारावे.