छोटी गाडी, मोठा कर

हॉटव्हील्स घेण्यासाठी झुंबड आहे, पण हाताने मॉडेल बांधणारे मात्र मोजकेच. असं का होतं? उत्तराचा एक मोठा भाग कस्टम्सच्या दरपत्रकात सापडतो.

'नवा स्टॉक कधी पडणार?' हा प्रश्न सध्या बऱ्याच कॉलेज ग्रुप्सवर फिरत असतो. विषय परीक्षेचा नसतो, हॉटव्हील्सचा असतो. दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या ॲपवर गाड्या येतात आणि बघता बघता संपतात. त्यातल्या काही तासाभराने इन्स्टाग्रामवर दुप्पट-तिप्पट भावाने विकायला लागलेल्या असतात. 'ट्रेझर हंट' प्रकारातली गाडी हाती लागली तर विचारूच नका. मॅटेल कंपनीने १९९५ मध्ये सुरू केलेली ही मोजक्या गाड्यांची मालिका म्हणजे रिसेलवाल्यांची लॉटरीच.

मोठ्यांनी खेळणी घेण्याच्या या ट्रेंडला जगभर 'किडल्ट' म्हणतात. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण याच छोट्या गाड्यांच्या दुनियेत एक दुसरी गल्ली आहे. तिथे गाडी पाकिटातून तयार बाहेर येत नाही. ती कापायची, घासायची, रंगवायची, तिच्या इंजिनात वायर ओवायची आणि दोन महिन्यांनी टेबलावर ठेवून बघत बसायचं. या गल्लीत आपल्याकडे गर्दी का नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी हे प्रकरण समजून घेऊ

स्केल म्हणजे प्रमाण. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या हिश्श्याची गाडी. आपली जुनी प्रीमियर पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब होती. ती १:१८ मध्ये सुमारे २२ सेंटीमीटर होईल, १:२४ मध्ये १६, १:४३ मध्ये ९ आणि हॉटव्हील्सच्या आसपासच्या १:६४ मध्ये जेमतेम ६ सेंटीमीटर. प्लॅस्टिकचे कार किट्स बहुतेक १:२४ किंवा १:२५ मध्ये येतात. धातूच्या तयार गाड्या, म्हणजे डायकास्ट, १:१८, १:४३ आणि १:६४ मध्ये जास्त दिसतात.

आता गंमत बघा. १:६४ च्या गाडीवर रंगाचा थर फक्त ०.१ मिलिमीटर जाड बसला, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबात तो ६.४ मिलिमीटरचा होतो. म्हणजे गाडीला रंगाऐवजी प्लास्टर केल्यासारखं! म्हणून या छंदात ब्रशपेक्षा एअरब्रश चालतो आणि एका जाड हातापेक्षा चार पातळ हात दिले जातात. खऱ्या गाडीतली ८ मिलिमीटरची स्पार्क प्लगची वायर १:२४ मध्ये ०.३३ मिलिमीटर होते. ती दाखवायला जुन्या इअरफोनमधली बारीक तार पुरते. सीटबेल्टची बकलं, नंबरप्लेट, दरवाजांच्या फटीत सोडलेला पातळ काळा रंग, या सगळ्याला मिळून डिटेलिंग म्हणतात. अर्धा जीव तिथेच जातो.

आपल्याला हे अगदी परकंही नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करताना मावळा बुरुजापेक्षा मोठा दिसतो म्हणून कुणीतरी चिडवलं असेल, तर तुम्हाला स्केलचा पहिला धडा तेव्हाच मिळाला आहे. आणि पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सुरू असलेलं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं असेल, तर एका माणसाचा छंद किती लांब जाऊ शकतो हेही माहीत असेल.

खेळणं की छंद?

आता पैशांकडे येऊ. आयात मालाचं जगभर क्रमांकांनी वर्गीकरण होतं. त्यातलं ९५०३ हे खेळण्यांचं शीर्षक. तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी यांच्याबरोबर याच शीर्षकात 'लहान आकाराची स्केल मॉडेल्स' असाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची प्लॅस्टिकची गाडी आणि तीनशे सुट्या भागांचं जपानी किट कस्टम्सच्या खिडकीवर एकाच रांगेत.

ही रांग २०२० पासून महाग झाली. त्या वर्षीच्या बजेटमध्ये खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झाली. २०२३ मध्ये ती ७० टक्के झाली. ठोकळ गणित करून पाहा. दुकानदाराने आणलेलं किट बंदरात १,००० रुपयांना पडलं असं धरू आणि उपकर बाजूला ठेवू. २० टक्के ड्युटी आणि तेव्हाचा १२ टक्के जीएसटी धरला तर ते १,३४४ रुपयांना पडायचं. ७० टक्के ड्युटीने तेच १,९०४ रुपयांवर गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ते १,७८५ झालं. म्हणजे 'जीएसटी कमी झाला' या बातमीने वाचले ११९ रुपये, पण ड्युटीने आधीच ५६० चढवले होते. त्यावर वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि घसरलेला रुपया. पॉकेटमनीवाल्याने काय करायचं?

दुसरी अडचण दर्जाच्या नियमाची. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे, परदेशी कारखान्यांनाही. हा आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. पण काही परदेशी किट्सच्या डब्यांवर ८+ किंवा १०+ असं वय छापलेलं असतं. प्लॅस्टिक तेच, कौशल्य तेच, पण डब्यावरच्या आकड्याने कायदा बदलतो. थोडकी किट्स मागवणारा छोटा दुकानदार या भानगडीत कशाला पडेल? तो सरळ जास्त खपणारा माल ठेवतो.

तिसरी अडचण रंगांची. मॉडेलचे चांगले लॅकर रंग आणि थिनर ज्वलनशील असतात. ते साध्या विमान-पार्सलने येत नाहीत. म्हणजे किट मिळालं तरी योग्य रंग मिळेलच असं नाही.

सरकारचं चुकलं का?

सरसकट 'चुकलं' म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. स्वस्त आणि निकृष्ट आयात खेळण्यांनी इथले छोटे कारखाने मारले होते, मुलांच्या तोंडात जाणाऱ्या रंगांची तपासणी नव्हती. ड्युटी आणि बीआयएसनंतर चित्र पालटलं. सरकारी आकडेवारीनुसार २०१८-१९ मध्ये खेळण्यांची आयात सुमारे ३७ कोटी १० लाख डॉलर होती, २०२१-२२ मध्ये ती ११ कोटी डॉलरवर आली. त्याच काळात निर्यात वाढली. हे यश नाकारण्यात अर्थ नाही.

पण संरक्षण कशाचं द्यायचं असतं? जे इथे बनतं किंवा बनू शकतं त्याचं. बाहुल्या, लाकडी खेळणी, पुल-बॅक गाड्या इथे बनतात. बारीक भागांची दर्जेदार कार किट्स इथे जवळजवळ बनतच नाहीत. मग ही ७० टक्क्यांची भिंत नेमकी कोणाच्या कारखान्याभोवती आहे? भिंतीच्या आत कारखाना नाही, बाहेर मात्र विद्यार्थी उभा आहे.

याचा परिणाम सवयींवर होतो. दोन-तीन हजारांचं किट, वर रंग, वर हत्यारं, आणि पहिलं मॉडेल बिघडणारच. त्यापेक्षा दोनशेच्या आसपासची तयार गाडी घेऊन पाकिटासकट भिंतीला टांगणं परवडतं. छंद बांधण्याकडून साठवण्याकडे आणि साठवण्याकडून सट्ट्याकडे सरकतो. पाकीट फोडलं की भाव पडतो, म्हणून गाडीला हातही लावायचा नाही! हाताच्या छंदाची यापेक्षा उलटी गत काय असणार?

शिझुओकात काय झालं

जपानच्या शिझुओकाकडे बघा. तामिया ही तिथली कंपनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याची गिरणी म्हणून सुरू झाली. मग लाकडी मॉडेल्स आणि नंतर प्लॅस्टिक. कंपनीला जगभर नेणारे शुनसाकू तामिया जुलै २०२५ मध्ये गेले. सत्तरच्या दशकात पोर्शे ९३४ चं १:१२ किट करताना त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलली होती, सुटे भाग नीट समजावेत म्हणून. आज शिझुओका जगभरच्या मॉडेलवाल्यांचं पंढरपूर आहे.

यातून कळतं ते एवढंच, की किटचा धंदा मुळात साच्यांचा, अचूकतेचा धंदा आहे. आणि साचे करणारे हात आपल्याकडे नाहीत का? पुणे-चाकण पट्ट्यात खऱ्या गाड्यांच्या भागांचे साचे बनतात. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे मुलं हेच शिकतात. आपली गंमत म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या डिंकी टॉइजच्या जुन्या साच्यांवर भारतात 'निकी टॉइज' नावाने गाड्या बनत होत्या. पुढे तो धागा सुटला.

त्याची किंमत आठवणींमध्येही मोजावी लागते. बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, पाठोपाठ ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. दोन्हींसाठी आपण भरपूर रील्स केल्या. पण १:२४ मधली काळी-पिवळी बांधायची म्हटलं, तर किट कुठे आहे? ज्यांना ती हवी आहे ते स्वतः थ्रीडी डिझाइन करून प्रिंट काढतात. डिझाइन कायद्यानुसार नोंदणीकृत आकाराला जास्तीत जास्त १५ वर्षांचं संरक्षण असतं, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या आकाराची अडचण तशी कमी. मात्र कंपनीचं नाव आणि लोगो ट्रेडमार्क असतो. स्वतःपुरतं मॉडेल करणं वेगळं आणि लोगोसकट विकणं वेगळं, हे स्टार्टअपवाल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

आणि हा फक्त टाइमपास नाही. वाहन कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओत आजही नवी गाडी आधी क्लेमध्ये, बऱ्याचदा १:४ प्रमाणात घडते. कॉम्प्युटरवर सुंदर दिसणारी रेष हातात घेतल्यावर कशी फसते, हे मॉडेल करणाऱ्याला आधीच कळलेलं असतं.

सुरुवात कमी पैशांत

महाग किटने सुरुवात करूच नका. एक साधी, पाकीट फाटलेली डायकास्ट गाडी घ्या. तळाचे रिव्हेट ड्रिलने काढा, जुना रंग उतरवा, प्राइमर मारा आणि पुन्हा रंगवा. बारीक कानशी आणि ड्रिल बिट सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात मिळतात. मुंबईकरांना झवेरी बाजार जवळ आहे, एलईडीसाठी लोहार चाळ. पॉलिश पेपर हार्डवेअरवाल्याकडे. ४०० नंबरने सुरू करून २००० पर्यंत जायचं, तेही पाणी लावून, म्हणजे धूळ उडत नाही. प्लॅस्टिकच्या किटला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. त्यातल्या ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. स्प्रे आणि थिनर हॉस्टेलच्या बंद खोलीत अजिबात नको. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. त्यासाठी वेगळं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. थ्रीडी प्रिंटरचं कच्चं रेझिन उघड्या हाताने धरलं तर त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. ग्लोव्हज हवेतच.

मागायचं काय?

ड्युटी सगळ्या खेळण्यांवरून उठवा, अशी मागणी कुणी करू नये. मागणी छोटी आहे. वर्गीकरणातले पहिले सहा आकडे जगभर समान असतात, शेवटचे दोन देश स्वतः ठरवतो. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग असेच वेगळे काढून त्यांना वेगळा दर लावलेला आहे. मग न जोडलेल्या, १४ वर्षांवरच्यांसाठीच्या किट्सना स्वतंत्र ओळ का नको? बजेटआधी अर्थ मंत्रालय सूचना मागवतं, तिथे हे मांडता येईल. सोबत कॉलेजांनी थ्रीडी प्रिंटर आणि वर्कशॉप फक्त प्रोजेक्ट सबमिशनच्या महिन्यात न उघडता वर्षभर उघडे ठेवावेत. त्याला सरकारी आदेशही लागत नाही, एका प्राध्यापकाची सही पुरते.

तोपर्यंत भिंतीवर टांगलेल्या पाकिटांपैकी एक फोडायला काय हरकत आहे? भाव पडेल, पण गाडी तुमची होईल.