उत्क्रांतीचा धडा कुणाच्या वाट्याला?

मुंबई : २०२३ साली घाटकोपर, मुलुंड वा अंधेरीतील एकाच इमारतीत दहावीची दोन मुले दोन वेगळी विज्ञाने शिकू लागली. राज्य मंडळाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ होता. मानवी उत्क्रांतीचा प्रवासही त्यात होता. 'एनसीईआरटी'च्या पुस्तकात मात्र केवळ 'आनुवंशिकता' उरली. करोनाकाळातील अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण त्यासाठी देण्यात आले.

या वादाला महाराष्ट्रातच पूर्वपीठिका आहे. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरविला. वानराचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचा प्रतिवाद केला, तर तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले.

मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे ही माणसाची पूर्वज नव्हेत, तर दूरची भावंडे होत. त्यांची आणि आपली वंशरेषा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी विभागली. चिंपांझीची आणि आपली ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. जीवाश्म आणि डीएनए हे दोन स्वतंत्र पुरावे हीच नातेसंबंधांची कहाणी सांगतात.

उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात कायम आहे, असा केंद्राचा खुलासा होता. परंतु दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांचे काय? एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी खुले पत्र लिहून पाठ परत घेण्याची मागणी केली, त्यामागे हीच चिंता होती. औषधांना न जुमानणारा क्षयरोग मुंबईला नवा नाही. औषधाचा डोस अर्धवट सोडला की तग धरणारे जंतूच उरतात व वाढतात, हे नैसर्गिक निवडीचेच उदाहरण. ते केवळ भावी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रत्येक रुग्णाने समजून घेण्याजोगे आहे.

राज्याने २०२५ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम राबविण्याचे ठरविले. हा बदल दहावीपर्यंत पोहोचेल, तेव्हा राज्य मंडळाच्या पुस्तकातील उत्क्रांतीचा पाठ टिकणार की तोही भार म्हणून वगळला जाणार, हा खरा प्रश्न आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी तो आताच विचारावयास हवा.