घरपोच, पण केव्हा?

मालाची वाहतूक जलद झाली, परंतु माल घरी पोहोचणे मात्र त्या मानाने जलद झाले नाही, असे विचित्र दृश्य आज गोव्यात दिसते. पणजी आणि मुंबई यांमधील अंतर रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. सायंकाळी निघालेली मालमोटार दुसऱ्या दिवशी हे अंतर तोडते. तरीही मुंबईत नोंदविलेले पार्सल सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातील एखाद्या घरी यावयास चार दिवस लागतील की दहा, हे छातीठोकपणे सांगणारा कोणी भेटत नाही. विमानाने येणाऱ्या टपालाची गोष्ट वेगळी. आम्ही येथे विचार करीत आहोत तो रस्त्याने व रेल्वेने येणाऱ्या, सामान्य माणसाला परवडणाऱ्या पार्सलांचा.

हे दिवस जातात कोठे? ते चालत्या गाडीत फारसे जात नाहीत, थांब्यांवर जातात. पार्सल नोंदविले जाते, एकाच दिशेच्या इतर पार्सलांसह थैलीत भरले जाते, गाडी भरेपर्यंत थांबते, मोठ्या केंद्रावर उतरते, पुन्हा वेगळे केले जाते आणि दुसऱ्या गाडीत चढते. प्रत्येक केंद्रावर एक गाडी चुकली की दिवस गेला. मध्ये रविवार अथवा सण आला की आणखी एक गेला. कामाच्या दिवसांचा हिशेब सांगणाऱ्याचे तीन दिवस हे वाट पाहणाऱ्याचे पाच दिवस असतात, ते यामुळेच.

खरा खोळंबा होतो तो शेवटच्या टप्प्यावर. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत होते. दुकान वा कचेरी दिवसभर उघडी असते, आणि एकाच दारात दहा पार्सले देता येतात. घराचे तसे नाही. एका पार्सलासाठी एका वाड्यावर जावे लागते, घरातील माणसे कामावर गेलेली असतात, दाराला कुलूप असते, आणि पार्सल परत फिरते. संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड अस्तित्वात आला. त्याचे सहा आकडे पार्सलाला त्या त्या डाकघरापर्यंत अचूक आणतात. परंतु त्यापुढे कपेलाजवळचे घर, वडाच्या झाडामागचे घर, अशा खुणांवरच भिस्त ठेवावी लागते. जुना पोस्टमन या खुणा जाणत असे. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या पोऱ्याला त्या कशा कळाव्यात? पार्सलामागे मोबदला मिळत असेल, तर बंद दारापाशी घातलेली त्याची फेरीही फुकटच जाते. सारा राग त्याच्यावर काढणे न्यायाचे नव्हे.

स्वस्त दरात पाठवावयाचे तर वाट पाहावी, असा युक्तिवाद केला जातो. तो आम्हांस मान्य आहे. पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात, हेही आम्ही जाणतो. आमची तक्रार विलंबाची नाही, अनिश्चिततेची आहे. दहा दिवस लागणार हे ठाऊक असेल, तर वृद्ध रुग्ण औषधे संपण्याआधी मागवील आणि चवथीसाठीचे सामान वेळेवर मागविले जाईल. कोकम आणि काजू विकणारी गृहिणी गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळू शकेल. तीन दिवसांचे आश्वासन देऊन दहाव्या दिवशी दार ठोठावणाऱ्याने यांपैकी प्रत्येकाचे नुकसान केलेले असते.

या नुकसानीची भरपाई मिळणेही सोपे नाही. १८९८ च्या भारतीय डाकघर कायद्याने विलंबाच्या जबाबदारीतून सरकारला बव्हंशी मुक्त ठेवले होते. २०२३ च्या नव्या कायद्यानेही, नियमांनी ठरवून दिलेली जबाबदारी वगळता, हे कवच काढून घेतलेले नाही. खासगी व्यावसायिकांविरुद्ध ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेता येतो. परंतु शंभर रुपयांच्या पार्सलासाठी आयोगाची पायरी कोण चढणार?

यास्तव आमच्या सूचना साध्या आहेत. पार्सल नोंदवितानाच, ज्या डाकघराच्या हद्दीत ते जावयाचे त्याच्या पिनकोडनुसार, घरी पोहोचण्याची तारीख पावतीवर लिहून द्यावी. ती तारीख राजधानीची नसावी, त्या गावची असावी, आणि सुट्ट्या धरून मोजलेली असावी. कोकण रेल्वे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळे वेळापत्रक उघडपणे जाहीर करते. पार्सलांच्या बाबतीत हे का होऊ नये? घर बंद असल्यास पार्सल परत न नेता गावातील डाकघरात अथवा ग्राहकाने सांगितलेल्या दुकानात ठेवण्याची सोय असावी. आणि दिलेली तारीख टळली, तर अर्जविनंत्यांवाचून हशील परत मिळावे.

यांतील कोणत्याही गोष्टीला नवा रस्ता वा नवा पूल लागत नाही. लागतो तो खरे बोलण्याचा निर्धार. आठ दिवस लागणार असतील तर आठ सांगावेत. ग्राहक ते सोशीकपणे ऐकून घेईल. फसवणूक मात्र त्याने किती काळ सोसावी, याचा विचार हा व्यवसाय करणाऱ्यांनीच करावयाचा आहे.