विश्लेषण : चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेला हवाई तळ पुन्हा त्याच किनाऱ्यावर का?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील टिंडल हवाई तळावर १० ऑक्टोबर २०१८ रोजी मायकेल चक्रीवादळ थेट धडकले. तळ बंद न करता सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून तो त्याच जागी नव्याने उभारण्याचा निर्णय झाला. तो का, आणि त्यातून धोका खरोखर टळतो का?

किती नुकसान झाले?

वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५७ किलोमीटर होता. आधी चौथ्या श्रेणीत गणलेले हे वादळ फेरतपासणीनंतर, एप्रिल २०१९ मध्ये, पाचव्या म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे ठरले. सुमारे ११ हजार जवान व कुटुंबीयांना आधीच हलवल्याने तळावर जीवितहानी टळली. मात्र ४८४ इमारती जमीनदोस्त झाल्या किंवा दुरुस्तीपलीकडे गेल्या.

खरी चिंता कशाची होती?

एफ-२२ विमानांची. तळावर ५५ एफ-२२ होती. त्यातील ३३ वेळेत उडवून नेली. देखभालीत अडकलेली बाकीची हँगरमध्येच ठेवावी लागली. हँगरची छते उडाली, तरी विमानांचे नुकसान भीतीपेक्षा कमी निघाले. हवाई दलासाठी अशी फक्त १८७ विमाने तयार झाली आणि उत्पादन २०११ मध्येच थांबले. इमारत पुन्हा बांधता येते; हे विमान नव्याने मिळत नाही.

मग तळ बंद का केला नाही?

तसे उदाहरण होते. १९९२ मधील अँड्र्यू चक्रीवादळानंतर फ्लोरिडातीलच होमस्टेड तळाचा पूर्वीचा दर्जा गेला आणि तो राखीव दलाचा तळ म्हणून उरला. टिंडलचे बळ वेगळे आहे. मेक्सिकोच्या आखातावरील विस्तीर्ण हवाई क्षेत्र सराव व क्षेपणास्त्र चाचण्यांसाठी शेजारीच आहे आणि ते दुसरीकडे हलवता येत नाही. म्हणून एफ-२२ प्रशिक्षण अन्यत्र नेऊन येथे एफ-३५ विमानांच्या तीन तुकड्या, म्हणजे ७२ विमाने, ठेवण्याचे ठरले. पहिली एफ-३५ विमाने २०२३ मध्ये आली.

नव्या बांधकामात वेगळे काय?

१९४१ मध्ये सुरू झालेल्या या तळावर अनेक इमारती जुन्या निकषांच्या होत्या. नव्या इमारती ताशी सुमारे २६५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला तोंड देतील अशा आखल्या आहेत. समुद्राची पातळी वाढणार हे गृहीत धरून जोत्याची उंची ठरवली जाते. संपूर्ण तळाची संगणकीय प्रतिकृतीही तयार केली आहे.

प्रश्न सुटला का?

अर्धाच. पहिला अडसर पैशांचा होता. आपत्ती निधीचे विधेयक काँग्रेसमध्ये रखडल्याने मे २०१९ मध्ये नवी दुरुस्तीकामे थांबवावी लागली. निधी जूनमध्ये मंजूर झाला, म्हणजे वादळानंतर आठ महिन्यांनी. दुसरा अडसर सज्जतेचा. वादळाच्या वर्षी हवाई दलाच्या एफ-२२ पैकी सरासरी जेमतेम निम्मीच मोहिमेस सज्ज असत. उडू न शकणारे विमान वादळापुढे हँगरच्या भरवशावरच राहते. नव्या भिंती हँगरचा भरवसा वाढवतील. पण सुटे भाग, देखभाल आणि वेळेवर निधी यांची हमी कोणताही वास्तुविशारद देऊ शकत नाही. टिंडलची पुढची कसोटी तिथे लागेल.