पैसे मोजलेत, मग विचारायला लाज कसली?

आपण बायका कोथिंबिरीची जुडीसुद्धा चार वेळा उलटसुलट करून घेतो. साडीचा काठ उजेडात नेऊन बघतो. पण एकदा का सहलीला घराबाहेर पडलो, की ही चौकस नजर कुठे जाते कोण जाणे! ‘सगळे बसलेत ना, मग आपणही बसू,’ म्हणून आपण मोकळ्या.

गेल्या हिवाळ्यात वडूजच्या आमच्या बचत गटातल्या आठ जणी मालवणला जाऊन आलो. कुठल्याही देवाचं निमित्त न काढता, बरं का! तिथे पर्यटकांना गळाने मासे धरायला समुद्रात नेतात. अख्खी बोट परवडत नाही, म्हणून माणशी पैसे भरून इतरांबरोबर बसायचं. आमच्यासोबत पुण्याचं चौघांचं कुटुंब आणि कोल्हापूरची चार मुलं होती.

मजा खूप आली. सिंधुदुर्ग किल्ला मागे पडला, खडकाळ तळ आला आणि बोटवाल्या दादांनी नांगर टाकला. दोऱ्याच्या टोकाला शिशाचं वजन, वर गळ, गळाला कोळंबीचा तुकडा. दोरा बोटांतून सोडत राहायचं. वजन तळाला टेकलं, की दोरा एकदम सैल पडतो. मग हातभर वर ओढून वाट बघायची. विहिरीत पोहरा सोडलेल्या आमच्या हातांना हे शिकवावं लागलं नाही! एकीला राणी मासा मिळाला, एकीला चांगली मोठी तांबोशी. शिंगाळा वर आला तेव्हा दादा ओरडले, “ताई, हात लावू नका!” त्याच्या काट्याला विष असतं. पिल्लं मात्र त्यांनी परत सोडून दिली. लहान मासे मारले जाऊ नयेत म्हणून सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे.

पण मला सांगायचंय ते बोट सुटण्याआधीचं. माणसं सोळा आणि लाइफ जॅकेटं नऊ! तीही फळीखाली कोंबलेली. आमच्यातल्या साठीच्या काकू म्हणाल्या, “आमच्या येरळेला पावसाळा सोडला तर पाणी नसतं. पोहायला शिकणार कुठं? जॅकेट द्या, मगच बसते.” मुलं हसली. “आजी, समुद्र शांत आहे!” काकू सरळ वाळूत जाऊन उभ्या राहिल्या. वीस मिनिटांत दुसऱ्या बोटीतून जॅकेटं आली, आणि हसणाऱ्या मुलांनीही ती घातली.

काकूंचं काय चुकलं? २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यात पंधरा जण गेले. जॅकेटांची सक्ती मग झाली. दरवेळी माणसं गेल्यावरच का जाग यावी?

बोटवाल्यांवर माझा राग नाही. पावसाळ्यात बोटी बंद, चार पैसे मिळतात ते मोजक्याच महिन्यांत. म्हणून एखादं माणूस जास्त घ्यायचा मोह होतो. पण विचारणारं गिऱ्हाईक समोर असलं, की तो मोह आवरतो. गिऱ्हाईकच गप्प बसलं तर?

तेव्हा मैत्रिणींनो, जरूर जा, हौसेने गळ टाका. पण बसण्याआधी बोटीची क्षमता विचारा, माणसं मोजा. मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का बघा. पदर खोचून, पट्टे आवळून ते अंगावर घाला. मांडीवर ठेवलेलं जॅकेट ऐनवेळी कामाचं नसतं. फोटोत साडी दिसत नाही? न दिसू दे!

जत्रेतला पाळणा असो की घाटातली खच्चून भरलेली जीप, नियम हाच. चारचौघांत विचारणारी बाई आगाऊ ठरत असेल, तर ठरू दे. तिच्या एका प्रश्नाने सगळ्यांचीच काळजी घेतली जाते.