मतदार यादीत नाव आहे, सातबाऱ्यावर?

आठ मार्च जवळ आला की वक्त्यांना मागणी वाढते. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी अशा गावी महिला मंडळांच्या कार्यक्रमांना जाण्याचा प्रसंग मला अनेकदा आला. कधी वार्ताहर म्हणून, कधी वक्ता म्हणून. या कार्यक्रमांत एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘इंग्लंडच्या स्त्रियांना मताधिकारासाठी तुरुंगात जावे लागले, उपोषणे करावी लागली, आमच्या स्त्रीला तो न मागता मिळाला.’ टाळ्या पडतात. मीही एकेकाळी या वाक्यावर टाळ्या घेतल्या आहेत, म्हणून त्याची झाडाझडती घेण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

वाक्यात अर्धे सत्य आहे. ब्रिटनमध्ये १९१८ साली मत मिळाले ते तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना; पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडले. फ्रान्समध्ये १९४४ आणि लोकशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निवडणुकांत तर १९७१. आपल्या राज्यघटनेने पहिल्याच दिवशी स्त्री-पुरुष भेद न करता प्रौढ मताधिकार दिला, याचा अभिमान वाटायलाच हवा. परंतु ‘न मागता’ हा शब्द खोटा आहे. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले, तेव्हा सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले आणि मताधिकाराची मागणी केली. १९१८ च्या मुंबईच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने तिला पाठिंबा दिला. तरीही साउथबरो समितीने, भारतीय समाजाची स्थिती पाहता स्त्रियांना मत देणे व्यवहार्य नाही, असा निर्वाळा दिला. हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या दोघी १९१९ मध्ये लंडनपर्यंत गाऱ्हाणे घेऊन गेल्या. अखेर सरकारने निर्णय प्रांतिक कायदे मंडळांवर सोपवून हात झटकले. मद्रास आणि मुंबईने १९२१ मध्ये स्त्रियांना मत दिले. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता; मध्यप्रांताला १९२७ पर्यंत वेळ लागला.

आणि मिळाले ते काय मिळाले? मत मालमत्तेला होते, माणसाला नव्हते. जो सारा भरतो, घरपट्टी भरतो, तो मतदार. ज्या समाजात शेत आजोबांच्या, नाहीतर वडिलांच्या, नाहीतर नवऱ्याच्या नावावर, तिथे स्त्रियांना मत देऊ केले तरी घेणार कोण? त्या काळात वीस पुरुष मतदारांमागे एखादी स्त्री मतदार, असे प्रमाण होते. १९३५ च्या कायद्याने यावर एक तोडगा काढला. मालमत्तेच्या अटीवर मतदार ठरलेल्या पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून स्त्रीला मत देता येऊ लागले. यादी फुगली, सुमारे साठ लाख स्त्रिया मतदार झाल्या. पुरुष होते सुमारे तीन कोटी.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती भाषणांत कोणी सांगत नाही. अखिल भारतीय महिला परिषदेसह स्त्रियांच्या तीन प्रमुख संस्थांनी या तोडग्याला विरोध केला होता. मत मिळत असताना विरोध? त्यांचे म्हणणे सरळ होते: नागरिक म्हणून मत द्या, कुणाची तरी बायको म्हणून नको. सरकारने ऐकले नाही. पण मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणे वाक्य तेच वाटते.

१९३६ हे वर्ष वर्ध्यासाठी विलक्षण होते. त्या वर्षी महात्माजी शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहायला आले. जमनालालजी बजाज यांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या महिलाश्रमात देशभरातून मुली शिकायला येत होत्या. आणि त्याच वर्षी विजयादशमीला, २५ ऑक्टोबर रोजी, वं. लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यातच राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. मावशींविषयी या पानांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची उजळणी करीत नाही. फक्त दोन गोष्टी वाचकांपुढे ठेवतो. नागपूरच्या दात्यांची कमल वयाच्या चौदाव्या वर्षी वर्ध्याच्या वकील पुरुषोत्तमराव केळकरांशी विवाह होऊन आली आणि लक्ष्मी झाली. १९३२ मध्ये वैधव्य आले, तेव्हा तिचे वय सत्तावीस. पदरी मुले, सावत्र मुली, घर आणि शेतीवाडी. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा बाईने कोपऱ्यात बसून दिराच्या किंवा भावाच्या तोंडाकडे पाहावयाचे. या बाई चार वर्षांत डॉ. हेडगेवारांसमोर बसून स्त्रियांच्या संघटनेचा आग्रह धरीत होत्या. ठरले तेही असे की, ही संघटना संघाची शाखा नसेल, स्वतंत्र असेल. दुसरी गोष्ट म्हणजे त्या मोठ्या वयात सायकल शिकल्या, पोहायला शिकल्या. आज यात काही वाटत नाही. वर्ध्यासारख्या गावात विधवा बाईने सायकलवर बसणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजींनी त्या काळातील गोष्टी सांगितल्या असतील त्यांना कळेल.

नागपूरच्या अनसूयाबाई काळे या विचाराने दुसऱ्या टोकाच्या, काँग्रेसच्या. १९२८ मध्ये त्या मध्यप्रांताच्या कायदे मंडळात नियुक्त झाल्या, १९३७ मध्ये निवडून येऊन विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आपल्या जिल्ह्यातील आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे पडली. त्याच दिवशी चिमूरलाही उद्रेक झाला. त्यानंतर चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांना वाचा फोडण्यासाठी, आणि पुढे फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचवण्यासाठी, अनसूयाबाईंनी जिवाचे रान केले. विचारांचे मतभेद बाजूला ठेवून या बाईंचे ऋण वर्धेकरांनी मानायला हवे. कायदे मंडळातील एक खुर्ची कशासाठी वापरता येते, हे त्यांनी दाखवले.

मग स्वातंत्र्य आले आणि १९५१-५२ ची पहिली निवडणूक. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक अजब प्रश्न उभा राहिला. याद्या करणारे कर्मचारी दारात गेले की बायका आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, एवढेच. सेन यांनी ठरवले की, अशी नोंद चालणार नाही. बाईला स्वतःचे नाव हवे. मुदत देऊनही ज्यांनी नाव सांगितले नाही त्यांना यादीतून वगळण्यात आले. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अशा जवळजवळ अठ्ठावीस लाख निघाल्या, बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या. तेव्हा या निर्णयावर कठोर म्हणून टीका झाली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेकींनी नावे सांगितली.

आपण महाराष्ट्रातील मंडळी यावर हसतो. आपल्याकडे बाईला नाव सांगायची लाज नाही. नाही खरी, पण लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव कोरले जाते, आणि उखाण्यात गोड आवाजात नाव घेतले जाते ते नवऱ्याचे. मी या रीतींच्या विरोधात नाही. माझ्याच लग्नात हे सारे झाले आहे. मतदार यादीवर नाव चढवून घेण्यात आपल्या आया-बहिणी मागे राहिल्या नाहीत, एवढे मान्य. दुसरीही एक यादी आहे, तिच्यात काय लिहिले आहे?

ती यादी म्हणजे सातबारा.

१९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदा झाला; तो हिस्साही हयातीपुरताच. आणि शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने हा कायदा तिला लागूच होत नाही, असा निकाल १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने दिला. प्रांतांना त्यासाठी वेगळे कायदे करावे लागले. कापसाच्या या मुलुखात शेत सोडून मालमत्ता ती कोणती? स्वातंत्र्यानंतर डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले. त्याला विरोध करणाऱ्यांत काँग्रेसचे थोर थोर पुढारी होते, आणि आपल्या विचारवर्तुळातील अनेक आदरणीय मंडळीही होती. कुटुंब मोडेल, भाऊ-बहिणीत कज्जे लागतील, ही भीती प्रामाणिक होती. पण ती चुकीची ठरली, हे आज स्वच्छ मनाने म्हणायला काय हरकत आहे? बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हे रखडलेले विधेयक होते. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलगी वारस झाली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध सहहिस्सेदार केले. राहिलेली शंका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दूर केली.

कायद्याचे काम झाले. त्यानंतर आपले काम सुरू होते, आणि आपण ते कसे करतो? हक्कसोडपत्राने.

ज्यांना हा कागद ठाऊक नाही असे मध्यमवर्गीय घर विदर्भात क्वचितच सापडेल. वडील जातात. तेरवी होते. पाहुणे पांगायच्या आत कुणीतरी शहाणा मामा किंवा काका म्हणतो, ‘मुली आल्याच आहेत, तर कागद करून टाका. पुन्हा पुन्हा कुठे येतील?’ मुली दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात, सह्या करतात, अंगठा देतात, फोटो काढतात. येताना भाऊ साडी घेतो. तलाठ्याकडे फेरफार होतो आणि दोन पिढ्यांचे कायदे एका दुपारी धुऊन निघतात. कागदात एक शब्द असतो: ‘स्वखुशीने’.

सहा वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. आर्वी तालुक्यात आमची नऊ एकर शेती. मी नेमके हेच केले. माझ्या दोन्ही बहिणींच्या सह्या घेतल्या. मनात पाप नव्हते, असे मी स्वतःला सांगत आलो. पण खरे म्हणजे मनात काहीच नव्हते. त्या नऊ एकरांपैकी सहा एकर त्यांचे आहेत, हा विचारच शिवला नव्हता. ताईने तर कागद हातातही घेतला नाही. ‘कुठे करू?’ एवढेच विचारले. धाकटी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. निवडणुकीच्या वेळी मतदान केंद्रावर तिची नेमणूक असते. यादीतील नाव आणि ओळखपत्र जुळल्याशिवाय ती कुणालाही पुढे सोडत नाही. तिनेही सही केली. मागच्या वर्षी तिच्या यजमानांचे आजारपण निघाले, कर्ज झाले. तेव्हा तिने मला फोनवर विचारले, ‘दादा, त्या कागदावर नेमकं काय लिहिलं होतं रे?’ माझ्यापाशी उत्तर होते, पण ते मला देता आले नाही.

काही वाचक म्हणतील, हा घरातील प्रेमाचा व्यवहार आहे, त्याला हक्काच्या तराजूत तोलू नये. बहिणीसाठी माहेर तुटू नये म्हणून ती हिस्सा सोडते. दिवाळी, माहेरपण, अडीअडचणीला भाऊ असतोच. असतो का? आणि असला तरी, तो आपल्या मर्जीने असतो. तिच्या हक्काने नव्हे. १९३५ च्या कायद्याने बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेवर मत दिले, तसेच हे झाले. तिचे स्थान कुणाच्या तरी कृपेवर. ज्या प्रेमाची किंमत दर वेळी एकाच बाजूने मोजली जाते, त्याला मी तरी आता व्यवहारच म्हणतो.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शंभर घरांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला की त्या गावाचा गौरव. शरद जोशी यांचे अर्थशास्त्र कुणाला पटो न पटो, त्यांचे अनुयायी साधे शेतकरी होते आणि त्यांनी हे करून दाखवले. सुशिक्षित म्हणवणाऱ्या आम्हा लोकांनी ते बातमी म्हणून छापले. पुढे २००६ मध्ये केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज दिले त्यांत वर्धा होता. त्या काळात गावोगाव फिरताना मी पाहिले: माणूस गेल्यावर शेत कसणारी ती, कर्ज फेडणारी ती, पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्जाला अपात्रही तीच. तिला सरकारी दफ्तरात शेतकरी म्हणायलाच कुणी तयार नव्हते.

२०११ पासून महाराष्ट्राच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. २०२३ मध्ये नारी शक्ती वंदन अधिनियमाने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा ठरवल्या. त्यांचे स्वागत आपण केलेच आहे. पण ज्या सरपंच बाईच्या नावावर बसायला घर नाही आणि उभे राहायला धुरा नाही, तिच्या सहीमागे ‘सरपंचपती’ उभा राहणार नाही तर काय होईल?

गेल्या अक्षय तृतीयेला मी दोघी बहिणींना घरी बोलावले आणि त्यांचा हिस्सा बक्षीसपत्राने परत करण्याचा मसुदा पुढे ठेवला. वकिलाकडून करून घेतला होता. ताईने तो सरकवून दिला. गावातले लोक काय म्हणतील, वहिनीला काय वाटेल, असे म्हणत राहिली. तिची समजूत घालणे चालू आहे. धाकटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मसुदा पर्समध्ये ठेवला. म्हणाली, ‘दोन दिवस दे. या वेळी वाचून सांगते.’