भीतीचे शब्द, धाकाचे शब्द

मूल झोपत नसेल तर बीदरकडची मराठी आई 'बागुलबुवा येईल' म्हणते आणि शेजारची कन्नड आई 'गुम्मा' येईल म्हणते. हा गुम्मा पुरंदरदासांच्या पदातही आहे. मूल दोघांनाही सारखंच भितं!

मोठ्यांची गोष्ट वेगळी. कन्नडात आपल्याला वाटते ती 'हेदरिके' आणि आपल्याला कोणी घालतो ती बहुधा 'बेदरिके'. एका अक्षरात घाबरणारा आणि घाबरवणारा वेगळे झाले. मराठीत भीती आणि धास्ती वाटते. वचक, धाक, जरब बसते. 'जरब' मूळची अरबी, अर्थ घाव किंवा ठोका. निजामाच्या नाण्यांवर 'जर्ब' लिहिलेलं असे, म्हणजे अमुक टांकसाळीत पाडलेलं नाणं. ठसा उमटवायचा तर ठोका हवाच. 'दहशत'ही अरबी, पण तिथे तिचा अर्थ थक्क होणं, गोंधळून जाणं. एवढ्या साध्या शब्दाचं आपल्याकडे काय झालं बघा.

जपानी लिपीत ही गंमत डोळ्यांना दिसते. भीतीच्या चिन्हाच्या तळाशी हृदयाचं चिन्ह असतं. धमकीच्या चिन्हात 'बळ' हे अक्षर तीन वेळा येतं, हृदय कुठेच नाही. दोन्हींचा एक उच्चार मात्र तोच, 'क्यो'. ही चिन्हं चीनमधून गेलेली. चिनी लोक म्हणतात, माकडाला धाक बसवायला कोंबडी मारावी. आपली सासू लेकीला बोलून सुनेला ऐकवते. तिथे कोंबडीचा जीव जातो. आणि जपान्यांच्या जुन्या म्हणीत भिण्याच्या गोष्टी चार: भूकंप, वीज, आग आणि वडील. आपल्या पिढीला चौथी समजावून सांगायला नको.

पण आपल्या भागातला भीतीचा सर्वांत मोठा शब्द कोणत्याही कोशात भीतीखाली सापडणार नाही. 'रझाकार'. अर्थ स्वयंसेवक, स्वखुशीने काम करणारा. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या संघटनेने हे नाव घेतलं आणि दोन-तीन वर्षांत शब्दाचा रंगच पालटला. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात माणसं मारली गेली. तिथे आता हुतात्मा स्मारक आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. १९५६ साली बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले, उदगीर-निलंगा तिकडे गेले, भालकी-औराद इकडे राहिले. शब्द मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिला. बांगलादेशातही १९७१ पासून ती शिवीच आहे.

आता शेजाऱ्याशी भांडण झालं की कोणी तो शब्द सहज फेकतो, तेही ज्यांचा जन्म नंतर कितीतरी वर्षांनी झाला अशांवर. मला ते अजिबात पटत नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसं हा शब्द फेकत नसत, आवाज खाली आणून उच्चारत.

तुमच्या घरात नव्वदीपुढचं कोणी असेल तर त्या वर्षी रात्री कुठे लपले, कोणी लपवलं, कोणत्या भाषेत 'गप्प बस' म्हटलं, हे विचारून ठेवा आणि आम्हाला लिहून पाठवा. लपवणारा कोणत्या धर्माचा होता, हेही विचारा.